कर्नलचे दात

नळदुर्गपासून तीन कोसांवर कोरेनिंबाळ हे जागिरीचं गाव. जागीरदार अण्णाराव यांच्याकडं तीन गावं होती आणि त्यातल्या एका गावात माणसांपेक्षा बाभळीच जास्त होत्या. पण अण्णारावांचा थाट बारा गावांच्या धन्याचा. भर चैत्रात ते शेरवानीची गळ्याची गुंडी लावून बसायचे. पाहुण्यांशी उर्दू बोलायचे, शेतावरच्या गड्यांशी उर्दू बोलायचे आणि बैल वळवायचा झाला तरी उर्दूतच. गड्यांना ते थोडं कळायचं. गालात सदा जर्द्याचं पान, आणि पान नसलं की तोंडात हुक्क्याची नळी.

लढाईच्या दिवसांत सोलापूरच्या एका गिरणीतला गोरा इंजिनीअर विलायतेला परत निघाला, तेव्हा अण्णारावांनी त्याचा कुत्रा मागून आणला. लांब कानांचा, तांबूस-पांढरा, डोळ्यांनी गरीब. अण्णारावांनी त्याचं नाव कर्नल ठेवलं. कर्नलला कुणी ‘हाड’ म्हणायचं नाही, असा पहिल्याच आठवड्यात हुकूम निघाला. सकाळी त्याला तुपातला शिरा, दुपारी मऊ शिजवलेलं मटण आणि संध्याकाळी दोन पेढे. हाडं फक्त गावठी कुत्री चघळतात, असं अण्णारावांचं मत होतं, त्यामुळं कर्नलच्या दातांना तीन वर्षांत काहीच काम पडलं नाही. ते पिवळे पडले, मुळाशी त्यांच्यावर तपकिरी कीट चढलं, आणि तो जांभई द्यायला लागला की पंख्याची दोरी ओढणारा गडी मान फिरवायचा.

पंचेचाळीस सालच्या थंडीत हैदराबादचे एक बडे साहेब दौऱ्यावर आले. हैदराबादच्या दरबारात आपल्याला कुर्सी मिळावी ही अण्णारावांची जुनी इच्छा होती, आणि तिची शिफारस या साहेबांच्या हातात होती. साहेबांना कुत्र्यांचा शौक. त्यांनी आल्या आल्या कर्नलला उचलून मांडीवर घेतलं. अण्णाराव कौतुकानं पुढं झुकले आणि साहेबांच्या नाकापासून वीतभर अंतरावर तोंड नेऊन कर्नलच्या बापाची, आजाची माहिती सांगायला लागले.

साहेबांचा हात खिशातल्या रुमालाकडं गेला. ते क्षणभर अण्णारावांकडं बघत राहिले. मग त्यांनी कर्नलकडं बघितलं. साहेब खानदानी माणूस होते.

“जनाब,” ते म्हणाले, “कुत्ता बहोत उमदा है. मगर इसके मुँह का कुछ इलाज कराओ.”

चहा अर्धा ठेवून ते उठले. उन्हाळा लागायच्या आत पुन्हा येऊ, शिफारशीचं तेव्हा बघू, असं त्यांनी दारातून सांगितलं.

अण्णारावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. कुर्सी कुत्र्याच्या तोंडात अडकली होती. त्यांनी वैद्य वीरप्पाला बोलावलं. वीरप्पानं आयुष्यात कुत्र्याची नाडी बघितली नव्हती, पण तसं सांगायची ती वेळ नव्हती. त्यानं वेलदोडा, लवंग आणि कात घालून विडा करून दिला. कर्नलनं विडा खाल्ला आणि पांढऱ्या छातीवर लाल लाळ गाळत गावातून हिंडला. त्यानं मेंढरू मारलं असं समजून कुणीतरी त्याच्यावर धोंडे घेऊन धावलं. मग वीरप्पानं गुलाबपाण्याच्या चुळा सांगितल्या. कुत्रा चूळ भरत नाही, पाणी गिळतो, हे कळायला दोन बाटल्या गेल्या. शेवटी त्याच्या मिशांना अत्तर लावलं, तर तो दोन दिवस शिंकत होता.

वैद्य हरला तेव्हा प्रकरण कचेरीत आलं. कचेरी म्हणजे एक लांब खोली, तिथं पेशकार भीमाशंकर आणि त्याच्या हाताखाली एक कारकून. पेशकारानं रीतसर विचार केला. काम दातांचं आहे, दात मोजावे लागणार, रोजचा तक्ता भरावा लागणार, तेव्हा माणूस लिहिता-वाचता पाहिजे. लिहिता-वाचता माणूस दुसरा नव्हताच. म्हणून कारकून महालिंगप्पा याला आपलं काम सांभाळून ‘मोहतमिम-ए-दंदान’ नेमण्यात आलं, म्हणजे दातांचा मुख्य अधिकारी. हुकमावर शिक्का होता.

महालिंगप्पा चाळिशीचा, सडपातळ, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. माशाला, मांसाला कधी हात न लावलेला. मोडी, उर्दू आणि कानडी तिन्ही अक्षरं मोत्यासारखी काढायचा. लहानपणी एका कुत्र्यानं पोटरी धरल्यापासून तो कुत्रं दिसलं की रस्ता बदलायचा. हुकूम घेऊन तो घरी आला आणि बायकोपुढं ठेवला. शिवकांताला वाचता येत नव्हतं.

“बढती झाली का?” तिनं विचारलं.

“कुत्र्याचे दात धुवायचेत.”

शिवकांता भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. “लिंगपूजा करायच्या हातानं?”

“हुकमात हाताचं काय लिहिलेलं न्हाय.”

“मग कडुलिंबाची काडी घ्या, लांबनं घासा. आन अंघोळ करूनच घरात या.”

दुसऱ्या दिवशी महालिंगप्पा कडुलिंबाची लांब काडी घेऊन देवडीवर, म्हणजे जागीरदारांच्या वाड्यावर, गेला. एका गड्यानं कर्नलचा जबडा फाकवला, दुसऱ्यानं मागचे पाय धरले. कर्नलला वाटलं आपल्याला मारायला आणलंय. काडी आत गेली तसा तो तडफडून सुटला आणि महालिंगप्पाच्या अंगठ्याला चावून पलंगाखाली जाऊन बसला. महालिंगप्पानं चिंधी बांधून तक्ता भरला. गड्यानं जबडा धरला होता तेवढ्या वेळात त्यानं दात मोजून घेतले होते. ते बेचाळीस भरले.

पेशकारानं तक्ता बघितला आणि परत केला. “दात बत्तीस असतात. हे दहा जादा कुठनं आले, त्याचा लेखी जबाब द्या.”

“कुत्र्याला बेचाळीसच असतात, पेशकारसाहेब. म्या मोजले.”

“तुम्ही मोजले म्हणून काय झालं? मागच्या कागदावर बत्तीस आहेत.”

मागच्या कागदावर बत्तीस पेशकारानं स्वतः लिहिले होते. महालिंगप्पानं जबाब लिहून दिला, की दहा दात अगोदरपासूनच तोंडात होते, फक्त कचेरीला त्याची खबर नव्हती. तो जबाब मंजूर झाला.

गावाबाहेर त्या दिवसांत धनगरांचा वाडा उतरला होता. मेंढरं शेतात बसवायची, खत पडायचं, पुढच्या शेतात जायचं. हरणाबाई ही त्यातली म्हातारी. तिच्यापाशी तीन कुत्री होती. अंगठा ठणकत असताना महालिंगप्पा तिकडून चालला होता, तेव्हा एका कुत्रीनं जांभई दिली. तिचे दात नव्या भांड्यासारखे पांढरे होते. तो लांबच थांबला.

“हरणाबाई, ही कुत्री केवढ्या वर्षांची?”

“आठ-नऊ असंल. का वो, अप्पा?”

“हिचे दात तुमी कशानं घासता?”

हरणाबाई लोकर कातत होती. ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. हा माणूस चेष्टा करत नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

“घासाय कशाला लागतंय? ती खाती वाळकी भाकर, कच्चं हाड, कातड्याचा तुकडा. चघळून चघळून आपसूक निघतंय. तुमचा कर्नल काय खातो?”

“शिरा.”

“मंग शिरा त्याच्या दातावर बसलाय.”

महालिंगप्पानं तिला सगळं सांगितलं. साहेब, कुर्सी, अंगठा. तिनं सूत खाली ठेवलं. कीट चढलेल्या दातांना नुसतं हाड पुरायचं नाही, असं ती म्हणाली. तिच्या एका कुत्र्याचा जबडा लांडग्यानं फाडला होता. त्याला वर्षभर चावता येईना, दात सडायला लागले, तेव्हा ती रोज चिंधीनं पुसायची. तिनं त्या पांढऱ्या दातांच्या कुत्रीला जवळ घेतलं आणि दाखवलं.

“म्होरं बसायचं न्हाय, बाजूला बसायचं. जबडा फाकवायचा न्हाय. नुसता ओठ वर करायचा, असा. बोटाला मऊ चिंधी, कोमट पाण्यात भिजवून. भायेरच्या अंगानं पुसायचं, आतल्या अंगाला त्याची जीभ आसतीच. पयले चार दिस नुसता ओठाला हात लावा आन सोडा. घाई केली तर पुन्ना चावंल. आन शिजल्यालं हाड देऊ नगा. त्याची कुसळं होत्यात, नरड्यात अडकत्यात.”

“मीठ? कोळसा?”

“तुमी घासा मिठानं. त्याला थुंकता येत न्हाय, सगळं पोटात जाईल.”

वैद्याला हे दोन बाटल्यांनी कळलं होतं.

महालिंगप्पानं तसंच केलं. अण्णारावांना शिऱ्याचं सांगणं सगळ्यात अवघड होतं. त्यानं अर्ज लिहिला, की विलायतेतल्या मोठ्या घराण्यातली कुत्री उपास-तापास करतात असं ऐकण्यात आहे. ते त्यानं कुठंच ऐकलं नव्हतं. विलायतेचं नाव बघून अण्णारावांनी पेढे बंद केले आणि शिऱ्याच्या जागी ज्वारीची वाळकी भाकरी मंजूर केली. चघळायला कच्च्या कातड्याचा तुकडा आणायला महालिंगप्पा वेशीबाहेर स्वतः गेला, आणि तो तुकडा काठीच्या टोकाला बांधून, काठी लांब धरून, गावातून चालत आला. लोक ओट्यांवर येऊन बघत होते.

पहिले चार दिवस तो नुसता कर्नलच्या शेजारी बसला. दोघंही एकमेकांना घाबरत होते आणि दोघंही दुसरीकडं बघत होते. पाचव्या दिवशी त्यानं ओठ वर केला. घाबरला की तो कानडीत बोलायचा, म्हणून तो कर्नलशीही कानडीत बोलायला लागला. अण्णारावांच्या उर्दूला तीन वर्षांत न हललेले कर्नलचे कान त्या बोलण्याला हलायला लागले. पंधरा दिवसांनी ‘बा, बा’, म्हणजे ‘ये, ये’, म्हटलं की तो येऊन बाजूला बसायचा आणि स्वतःच मान वर करायचा. महिन्यानं कीट सुटायला लागलं. एके सकाळी एका सुळ्यावरची तपकिरी खपली चिंधीबरोबर निघून आली आणि खालून पांढराशुभ्र दात दिसला. महालिंगप्पानं आजूबाजूला बघितलं, कुणी नव्हतं. त्यानं वाकून कर्नलच्या तोंडाचा वास घेतला. भाकरीचा वास होता, थोडासा कातड्याचा. आपण कुत्र्याच्या तोंडात नाक घातलंय, हे त्याच्या मागाहून ध्यानात आलं, आणि ते त्याला एवढं वाईट वाटलं नाही.

सहा आठवड्यांनी त्यानं कर्नलला अण्णारावांपुढं नेलं. बैठकीत पेशकार आणि वैद्य होते. अण्णारावांनी कर्नलला मांडीवर घेतलं, त्याचं तोंड आपल्या तोंडाशी धरलं आणि विचारलं, “सूंघो. बू आती है?”

वैद्य वाकला आणि मागं सरला. “येते, सरकार.”

पेशकार वाकला. “जास्तच येते.”

दोघं खोटं बोलत नव्हते. महालिंगप्पा पुढं झाला, वाकला, आणि त्यालाही वास आला. सडलेल्या दाढेचा, जर्द्याचा, हुक्क्याच्या शिळ्या पाण्याचा. तो कर्नलला घेऊन ओसरीवर आला. कर्नलच्या तोंडाला वास नव्हता. तो पुन्हा आत गेला. वास होता. तेव्हा त्याला कळलं, आणि कळल्याबरोबर आपल्याला हे कळायला नको होतं असं वाटलं.

अण्णारावांनी त्याला कामचुकार म्हटलं आणि तहकीकात नेमली. वैद्य आणि पेशकार पंच.

घरी येऊन महालिंगप्पा भिंतीला टेकून बसला. शिवकांतानं सगळं ऐकून घेतलं.

“मग सांगून टाका की.”

“कुणाला?”

“सरकारला.”

“काय म्हणून सांगू?”

ती विचार करायला लागली. बराच वेळ विचार करून ती ताक घुसळायला गेली.

तहकीकातीच्या दिवशी महालिंगप्पानं एकच मागणी केली: कुत्र्याची परीक्षा अंगणात व्हावी, आणि सरकारांनी उन्हात येण्याची तसदी घेऊ नये. ती मान्य झाली. पंच अंगणात बसले. कर्नल सवयीनं बाजूला बसला आणि त्यानं मान वर केली. वैद्यानं वास घेतला. पुन्हा घेतला. पेशकारानं घेतला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, मग बैठकीच्या दाराकडं बघितलं, मग जमिनीकडं.

“वारा लई सुटलाय आज,” वैद्य म्हणाला.

वारा अजिबात नव्हता.

“व्हय,” पेशकार म्हणाला. “वाऱ्यात वास उडून जातो.” आणि त्यानं निकाल लिहिला: मोकळ्या हवेतली परीक्षा ग्राह्य धरता येत नाही, बंद जागेत, सरकारांच्या समक्ष घेतलेली परीक्षाच खरी, सबब कुत्र्याचं तोंड दूषित आहे. नकला तीन.

“पेशकारसाहेब,” महालिंगप्पा हळूच म्हणाला, “तुमाला कळलंय.”

“महालिंगप्पा, मी पंचवीस वर्षं पेशकारी केली. काय कळलं नाही पाहिजे ते मला सगळं माहीत आहे. तुम्ही दात पुसत राहा.”

आठ दिवसांनी साहेब आले. अण्णारावांनी महालिंगप्पाला कुत्र्यासकट खांबाआड उभं राहायला सांगितलं होतं, पण साहेबांनी बसल्या बसल्या कर्नलचीच चौकशी केली. कर्नलला पुढं आणावं लागलं. साहेबांनी जपून त्याचा ओठ वर केला. दात बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी नाक जवळ नेलं आणि हसले.

“वाह. ये किसने किया?”

महालिंगप्पानं खाली मान घातली. अण्णारावांचा चेहरा उजळला. “मैंने करवाया, हुजूर,” असं म्हणत ते लगबगीनं पुढं झुकले आणि साहेबांच्या वीतभर जवळ तोंड नेऊन सहा आठवड्यांत आपण काय काय केलं ते सांगायला लागले.

साहेबांनी रुमाल काढला. या वेळी कुत्र्यावर ढकलायला जागा उरली नव्हती. ते थोडा वेळ रुमालातून अण्णारावांकडं बघत होते, मग महालिंगप्पाकडं. दोघांची नजरानजर झाली. महालिंगप्पानं पुन्हा खाली बघितलं, पण त्याचे कान लाल झाले होते, आणि साहेबांनी सगळ्या मुलखाचा कारभार बघितला होता.

“जनाब,” ते नाकावरचा रुमाल न काढता म्हणाले, “ये आदमी कुत्ते पर जाया हो रहा है. इसको अपनी खास खिदमत में लो. जो कुत्ते के साथ किया, वही. रोज सवेरे.”

अण्णारावांनी ते शिफारशीसारखं ऐकलं. साहेबांच्या तोंडचा शब्द म्हणजे परवानाच. गाडी वेशीबाहेर गेली नाही तोच त्यांनी पेशकाराला बसवून हुकूम लिहायला सांगितला. पेशकारानं साहेबांचे शब्द जसेच्या तसे उतरवले, ‘वही’ या शब्दापाशी टाक जरा थांबवला, आणि शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी महालिंगप्पा कोमट पाण्याचं तांब्याचं भांडं आणि मऊ चिंधी घेऊन अण्णारावांच्या खोलीत उभा राहिला.

“ये क्या है?”

महालिंगप्पानं हुकूम पुढं धरला. अण्णारावांनी तो वाचला. दुसऱ्यांदा वाचला. खाली त्यांचीच सही होती. ते खिडकीतून बाहेर बघत बराच वेळ बसले. एवढ्या वर्षांच्या पाहुण्यांचे रुमाल त्यांना आठवत असतील, कोण जाणे. मग आयुष्यात पहिल्यांदा ते कचेरीतल्या माणसाशी मराठीत बोलले.

“मला?”

“हुकूम हाय, सरकार.”

महालिंगप्पा त्यांच्या पुढं न बसता बाजूला बसला. जबडा न फाकवता नुसता ओठ वर केला.

कर्नल एकदाच चावला होता. जागीरदार दोनदा चावले. पण त्यांना मीठ चालत होतं आणि थुंकता येत होतं, त्यामुळं काम तसं लवकर झालं. डावीकडची मागची दाढ मात्र आतून पोखरलेली होती. तिच्यापुढं चिंधी काय करणार. पेशकारानं दाढ काढायच्या कामाला ‘शाही मोहीम’ असं नाव देऊन सोलापूरचा प्रवास ठरवला. तिथल्या एका दातांच्या डॉक्टरानं दाढ उपटली. परत येताना अण्णारावांनी गालाला शाल गुंडाळली होती आणि ते सगळ्या वाटेत कण्हत होते, तेही मराठीत.

महिन्याभरानं त्यांनी कर्नलला मांडीवर घेऊन पुन्हा परीक्षा घेतली. वैद्य वाकला आणि मागं सरला नाही. पेशकार वाकला आणि तसाच राहिला. कर्नलचं तोंड आता निर्मळ झालं, असा एकमतानं निकाल झाला. हे यश पंचांच्या देखरेखीचं आहे, असं त्यात लिहिलं होतं. निकालाची सुवाच्य प्रत महालिंगप्पानंच काढली, तिन्ही अक्षरांत. आपलं नाव कुठं येतंय का, हे त्यानं शेवटपर्यंत बघितलं, आलं नाही. ‘मोहतमिम-ए-दंदान’ ही जागा काम संपल्यामुळं खालसा करण्यात आली. अण्णारावांना दरबारात कुर्सी मिळाली. ती शेवटून दुसऱ्या रांगेत होती आणि पुढं खांब होता, असं बरोबर गेलेला गडी सांगायचा.

जागा गेली तरी कर्नल रोज सकाळी कचेरीत यायचा आणि महालिंगप्पाच्या बाजूला बसून मान वर करायचा. महालिंगप्पा टाक खाली ठेवायचा, चिंधी भिजवायचा. आता तो रस्त्यात कुत्रं दिसलं तर रस्ता बदलत नव्हता, पण कुणी विचारलं तर हे कबूल करत नव्हता.

त्याच सुमारास एका दुपारी देवडीच्या आतल्या भागातून एक बाई शिवकांताकडं परडी घेऊन आली. जागीरदारांच्या पत्नी सत्यभामाबाईंनी पाठवली होती. बाईसाहेब कधी बाहेर दिसत नसत आणि लग्नाला बावीस वर्षं झाली तरी त्यांचा पलंग वेगळ्या दालनात होता, एवढंच गावाला माहीत होतं. परडीत नारळ होता, खडीसाखर होती आणि खाली घडी केलेलं रेशमी काठाचं इरकल लुगडं. निरोप काही नव्हता.

शिवकांतानं लुगड्याचा पदर उलगडून उजेडात धरला. “एवढं भारी? कशाचं म्हणायचं हे?”

महालिंगप्पा हात धूत होता.

“माहीत न्हाय,” तो म्हणाला. “पण नेस.”